पोटमाळ्यावरच्या डब्याचा पत्ता

मंगळवारी संध्याकाळी केबलवाल्याचा मुलगा नवा राउटर लावून गेला. जुना तापून बंद पडायचा, तक्रार आम्हीच केली होती. त्याने दहा मिनिटांत राउटर बदलला, मोबाइलवर इंटरनेट चालतंय एवढं दाखवलं, सही घेतली आणि निघाला. बुधवारी सकाळी साडेनऊला आमच्या चारही ऑपरेटरांनी एका सुरात सांगितलं, "ताई, कॉमन उघडत नाहीये."

कॉमन म्हणजे आमचं सगळ्यांचं सामायिक फोल्डर, दुकानाचा जीव. नारायण पेठेत, अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका वाड्याच्या तळमजल्यावर आमचं अक्षरजुळणीचं काम चालतं. तिथेच पोटमाळ्यावर एक जुना डेस्कटॉप ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, फक्त वीज आणि नेटवर्कची एक वायर. सहा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने त्यावर उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (त्यावरच्या फायली विंडोजवाल्यांना उघडून देणारा प्रोग्राम) बसवून दिलं. तेव्हापासून सगळी पानं त्यावर असतात आणि सगळेजण तिथूनच उघडतात. ऑक्टोबर होता. तीन दिवाळी अंकांची पानं त्या डब्यात होती आणि आम्ही चौदा पायऱ्या खाली.

भाचा हिंजवडीत रात्रपाळी करतो, म्हणजे सकाळी दहाला त्याची मध्यरात्र. तरी फोन उचलला. "मावशी, मॉनिटर वर ने. लॉगिन कर. आणि आधी फक्त बघ, काहीही बदलू नकोस." एवढं बोलून तो झोपला. सल्ला शंभर नंबरी होता. मी तो दोन दिवसांत किमान तीनदा मोडला.

लाकडी जिन्यावरून मॉनिटर वर नेणं हे एक वेगळंच प्रकरण आहे, ते सोडून देते. काळ्या पडद्यावर लॉगिन झालं आणि मी वही उघडली. भाच्याने कधीतरी सांगितलेलं मी लिहून ठेवलं होतं: नेटवर्क बघायला 'आयएफकॉन्फिग'. टाइप केलं, तर कमांड सापडत नाही म्हणे. (कमांड इथे मी उच्चारते तशा लिहिते आहे.) आयएफकॉन्फिग ही जुनी मंडळी, १९८३ साली बीएसडी युनिक्सच्या ४.२ आवृत्तीसोबत आलेली. लिनक्सवर तिची जागा कधीच 'आयपी' या कमांडने घेतली आहे. ती अलेक्सेई कुझ्नेत्सोव या रशियन प्रोग्रामरने लिहिली, आणि नव्या उबुंटूत जुनी आपोआप येतही नाही. वहीतली ओळ खोडून 'आयपी ए' लिहिलं.

'आयपी ए' म्हटलं की एक गचाळ दिसणारा मजकूर येतो. मी आयुष्यभर पानं लावली आहेत. इतकं वाईट लावलेलं पान मी ऑपरेटरच्या तोंडावर मारलं असतं. पण दोन मिनिटं शांतपणे वाचलं की त्यात क्रम आहे. पहिला क्रमांक 'लो'. तो म्हणजे यंत्राचा स्वतःशीच बोलायचा दरवाजा, पत्ता १२७.०.०.१. तो नेहमीच ठीक असतो, त्याच्याकडे बघायचं नाही. दुसरा 'ईएनपी३एस०', हे खरं नेटवर्क कार्ड. पूर्वी याला सरळ 'ईटीएच०' म्हणायचे. पण दोन कार्डं असली की कुठलं शून्य आणि कुठलं एक हे यंत्र चालू होताना ठरायचं आणि कधी कधी अदलाबदल व्हायची. म्हणून २०१३ पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स चालू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, कार्ड जिथे बसलंय त्या जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली: 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे ३ क्रमांकाची बस (यंत्राच्या आतला जोडमार्ग), 'एस०' म्हणजे शून्यावा स्लॉट. नाव लांबलं, पण गोंधळ गेला. वाड्यात 'मधल्या चौकातले जोशी' म्हणावं तसं.

तर या ईएनपी३एस० पुढे कोनी कंसात लिहिलं होतं 'नो-कॅरियर', त्याच कंसात 'अप', आणि पुढे 'स्टेट डाउन'. म्हणजे एकाच ओळीत चालूही आणि बंदही. बराच वेळ मी ते प्रूफाची चूक असल्यासारखं बघत राहिले. मग लक्षात आलं की ही दोन वेगळी माणसं बोलताहेत. 'अप' म्हणजे आपण कार्डाला चालू राहायला सांगितलंय. 'नो-कॅरियर' म्हणजे वायरीतून पलीकडचा सूर येत नाही. दुकान उघडलंय, पण रस्ताच खणलेला. पुणेकराला हे समजायला वेळ लागायला नको होता.

मागे हात घालून बघितलं तर वायरीचा प्लास्टिकचा चिमटा तुटलेला. केबलवाल्या मुलाने कुठली वायर कुठे जाते हे शोधायला ती ओढली असणार. दाबून धरली की कार्डाचा हिरवा दिवा लागे, सोडली की जाई. चिकटपट्टीचा मोह झाला, पण आवरला आणि एका मुलाला तपकीर गल्लीत पिटाळलं. वीस मिनिटांत तो नवी वायर घेऊन आला, तोवर माझा चहा झाला. नवी वायर लावून परत 'आयपी ए'. आता कंसात 'लोअर-अप', स्टेट अप, आणि खाली मघाशी नसलेली एक ओळ उगवली: इनेट १९२.१६८.१.१२, तिरकी रेघ, २४.

झालं, असं वाटून मी खाली ओरडले. खालून उत्तर आलं, "नाही उघडत!"

वर एकटीच बसून मी विचार करायला लागले, कारण ओरडण्याचा पर्याय संपला होता. खाली माझ्या यंत्रावर विंडोज आहे. तिथे 'आयपीकॉन्फिग' केलं, तर माझा पत्ता १९२.१६८.०.५ आणि डीफॉल्ट गेटवे १९२.१६८.०.१. वरच्या डब्याचा पत्ता मात्र १९२.१६८.१.१२. तिसरा आकडा वेगळा. जुना राउटर पत्ते 'एक'च्या घरात वाटायचा, नवा 'शून्या'च्या घरात वाटतो. खालच्या यंत्रांना राउटरनेच पत्ते दिलेले, त्यामुळे ती रात्रीतून निमूट नव्या घरात गेली. वरचा डबा मात्र स्वतःचा पत्ता पाठ करून बसलेला. भाच्याने तो मुद्दाम कायमचा बांधून दिला होता, रोज बदलणाऱ्या पत्त्यावर फायली कोण शोधणार म्हणून.

तिरक्या रेघेनंतरचा २४ हा आकडा मला इथे पहिल्यांदा खरोखर कळला. पत्ता एकूण ३२ बिटांचा. त्यातले पहिले २४ म्हणजे पेठ, उरलेले ८ म्हणजे घर नंबर. आमच्या जुन्या पत्त्यांसारखंच: आकडा, मग नारायण पेठ, मग ४११०३०. ८ बिटांत २५६ आकडे बसतात. त्यातला पहिला पेठेचं नाव म्हणून जातो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, म्हणजे घरं २५४. पाकीट आपल्याच पेठेतलं असेल तर यंत्र स्वतः चालत जाऊन देतं. दुसऱ्या पेठेतलं असेल तर गेटवेच्या हाती सोपवतं. डेक्कनला जायचंय ना, मग आधी लकडी पूल गाठा, तसं. आमच्याकडे खालची यंत्रं एका पेठेत आणि वरचा डबा दुसऱ्या, आणि त्याचा पूल, म्हणजे जुना राउटर, मंगळवारी संध्याकाळी उचलून नेलेला.

(पिनकोड काढले श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, १५ ऑगस्ट १९७२ पासून ते सुरू झाले. टपाल खात्यातला हा अधिकारी संस्कृतचा पंडितही होता. हे मी आमच्या प्रूफवाल्या काकांकडून ऐकलं, पोटमाळ्यावर मला चहा आणून देताना. त्यांना प्रत्येक ठिकाणी काहीतरी सांगायचं असतंच.)

'आयपी रूट' केल्यावर हा उचललेला पूल पडद्यावर दिसला: डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१. आणि 'आयपी नेबर' केल्यावर त्याच पत्त्यापुढे 'फेल्ड'. डबा शेजारात हाक मारत होता, 'एक नंबर कोण आहे रे?', आणि कोणी ओ देत नव्हतं. १९२.१६८.०.१ ला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर उत्तर आलं, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. पण कुणाकडून? 'फ्रॉम १९२.१६८.१.१२'. म्हणजे स्वतःकडूनच. पाकीट घराबाहेर पडलंच नव्हतं. हा 'फ्रॉम' वाचायचा असतो हे मला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि निम्मं निदान त्यातच असतं. पिंग हे नाव माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून ठेवलं. आमच्या पोटमाळ्यावर मात्र नुसता पंख्याचा आवाज.

राउटरलाच जुन्या पेठेत नेलं असतं तर प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. पण त्याच्या पोटावर चिकटवलेला पासवर्ड फक्त बघण्यापुरता निघाला. बदलायचं असेल तर तक्रार नोंदवा, अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. दिवाळी अंकाच्या दिवसांत मी अठ्ठेचाळीस तास कुणालाच देत नाही.

मग डब्यालाच दुसरा पत्ता द्यायचा. एका कार्डाला एकाहून जास्त पत्ते चालतात, जुना काढायची घाई नाही. शेवटचा आकडा १२ तोच ठेवावा, म्हणजे पोरांच्या लक्षात राहील. आधी खालून १९२.१६८.०.१२ ला पिंग करून बघितलं, कोणी ओ दिली नाही, म्हणजे घर रिकामं. मी टाइप केलं: सुडो आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.०.१२ डेव्ह ईएनपी३एस०. एंटर. काहीही तक्रार नाही. ही मंडळी काम झालं तर गप्प बसतात, हे मला आवडतं.

पिंग केलं. तेच. अनरीचेबल, फ्रॉम १९२.१६८.१.१२.

इथे माझा पाऊण तास गेला. वायर पुन्हा काढून घातली. खालचे पोर एकामागून एक वर डोकावून जात होते. 'आयपी ए'मध्ये नवा पत्ता स्वच्छ दिसत होता, बाराच्या पुढे तिरकी रेघ आणि ३२. मी ती ओळ दहादा वाचली असेल. अकराव्यांदा प्रूफ वाचते तशी वाचली, म्हणजे अर्थ बाजूला ठेवून एकेक अक्षर, आणि वरच्या ओळीशी ताडून. वर २४, खाली ३२. मी रेघ आणि आकडा दिलाच नव्हता, तर कमांडने स्वतःच ३२ धरला. बत्तीसच्या बत्तीस बिट पेठेत गेले की घर एकच उरतं, आपलं. शेजारच नाही. त्यामुळे ०.१ हा त्याच्या लेखी परगावचा, आणि परगावचं पाकीट पुन्हा त्याच उचललेल्या पुलाकडे. 'आयपी रूट'मध्ये नव्या पेठेची ओळच आली नव्हती, तीही मी बघितली नव्हती.

चुकीचा पत्ता 'डेल'ने, ३२ सकट लिहून काढला. परत घातला, या वेळी २४ सकट. पिंग: ६४ बाइट्स फ्रॉम १९२.१६८.०.१. खालून कुणीतरी विचारलं, "ताई, काय झालं?" मी बहुधा मोठ्याने काहीतरी म्हटलं असावं.

पुढचं भराभर झालं. 'आयपी रूट रिप्लेस डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.०.१' म्हणून पूल नव्या जागी. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग जातं, पण नावाने कुठेही जात नाही, कारण नावं विचारायचा पत्ताही जुन्या राउटरचाच. रात्री बॅकअप बाहेर जातो, म्हणून ते हवंच. 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल उघडली तर तिथे १२७.०.०.५३, म्हणजे डबा स्वतःलाच विचारतोय! ती एक मधली खिडकी असते, खरा पत्ता तिच्या मागे असतो. 'रिझॉल्व्हसीटीएल'ने मागचा पत्ता बदलला. खाली प्रत्येकाच्या यंत्रावर कॉमनचा रस्ता नव्या आकड्याने जोडला. दोन वाजता पानं उघडली. मी भाच्याला व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात थोडा माज होता हे कबूल.

गुरुवारी वीज गेली.

पुण्यात गुरुवार आणि देखभाल यांचं नातं जुनं आहे, पाणी तरी जातं नाहीतर वीज तरी. यूपीएसने पंधरा मिनिटं दम धरला. बारा वाजता वीज आली, डबा आपोआप चालू झाला, आणि चार सुरांत एकच वाक्य: "ताई, कॉमन उघडत नाहीये."

वर जाऊन 'आयपी ए'. १९२.१६८.१.१२, रेघ, २४. एवढंच. बुधवारची सगळी मेहनत पुसलेली. 'आयपी' कमांडने केलेलं सगळं फक्त चालू कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मरणात असतं, कुठेही लिहिलेलं नसतं. फळ्यावर खडूने लिहिल्यासारखं. संध्याकाळपर्यंत वाचता येतं, म्हणून छापलं गेलंय असं वाटतं. खरं तर छापणं आणि फळा यातला फरक मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तात्पुरता पत्ता परत घातला (२४ सकट!) आणि खाली येऊन माझ्या खुर्चीवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरूनच लॉगिन करून, डब्यात शिरले. वर मान मोडते. शिवाय त्या काळ्या कन्सोलवर मराठी दिसत नाही. त्याच्या फाँटात फार तर ५१२ आकार मावतात, देवनागरीची तिथे डाळ शिजत नाही, नुसत्या चौकटी येतात. खालून मात्र नीट दिसतं. आता नवा पत्ता कायमचा राहावा म्हणून फाइलीत लिहिण्याआधी जुना पत्ता झाडून टाकावा, पाटी कोरी करून सुरुवात करावी, असं मला वाटलं. मी लिहिलं: सुडो आयपी अ‍ॅड्रेस फ्लश डेव्ह ईएनपी३एस०.

कर्सर जिथे होता तिथे थिजला. फ्लशने जुनाही पत्ता गेला आणि नवाही, आणि नव्यावरूनच मी आत शिरले होते. शेखचिल्लीने बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवली तेव्हा निदान त्याला कुऱ्हाडीचा आवाज तरी आला असेल.

चौदा पायऱ्या वर. 'नेटप्लॅन अप्लाय' (फाइलीत लिहिलेली मांडणी लागू करायची कमांड) केल्यावर फाइलीतला जुना पत्ता परत आला, त्यावर नवा चढवला, चौदा पायऱ्या खाली. एव्हाना चार वाजले होते आणि भाचा जागा झाला होता. हसून झाल्यावर त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, पोटमाळ्याऐवजी हा डबा परगावी असता तर मी काय केलं असतं? दोन, 'नेटप्लॅन ट्राय'. ही कमांड नवी मांडणी लावून बघते आणि १२० सेकंद वाट पाहते. एंटर दाबला तर ठीक. तेवढ्यात संपर्कच तुटला तर एंटर दाबणार कोण, म्हणून मुदत संपताच ती जुनं सगळं परत लावते. ज्याने कुणी हे लिहिलं त्यानेही कधीतरी फ्लश केलेलं असणार.

नेटप्लॅन हे उबुंटूचं, १७.१० या आवृत्तीपासून तेच रूढ आहे. 'ईटीसी'मधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरात एक यामल फाइल (यामल म्हणजे अशा याद्या लिहायची एक पद्धत), तिच्यात कार्डाचं नाव, पत्ते, वाटा, नावं विचारायची ठिकाणं. फाइल उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ती ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर चालते. कोण कुणाच्या पोटात, हे स्पेस किती दिलेत यावरून ठरतं. गेली बावीस वर्षं मी ऑपरेटरांच्या मागे लागले आहे की स्पेस मारून मारून मजकूर सरकवू नका, टॅब वापरा. इथे टॅब वापरला की यामल फाइल वाचायलाच नकार देते. हात इतका सवयीचा की मी तीनदा टॅब मारला आणि तीनदा तिने ओळ क्रमांकासकट चूक दाखवली. चौथ्यांदा मोजून स्पेस दिले, बोटाने पडद्यावर मोजत. मागे काका उभे होते. ते काही बोलले नाहीत.

जुन्या फाइलीत 'गेटवे४' असं एक कलम होतं. ते आता जुनं झालं, त्याऐवजी 'रूट्स' लिहून खाली, आडव्या रेघेने, 'टू: डीफॉल्ट' आणि 'व्हाया: १९२.१६८.०.१'. ट्राय केलं. आकडे उलटे मोजायला लागले, मी कॉमन उघडून बघितलं, एंटर दाबला.

आणि 'आयपी ए'मध्ये दोन पत्ते. ०.१२ आणि पुन्हा तो १.१२! दोन डीफॉल्ट वाटांबद्दल तक्रारही वरती येऊन गेली होती, मी ती एंटरच्या आनंदात वाचली नव्हती. आता हा जुना पत्ता कुठून आला, फाइलीत तर मी तो खोडलाय. उत्तर लाजिरवाणं आहे. बदल करण्याआधी शहाण्या माणसासारखी मी जुन्या फाइलीची प्रत काढून ठेवली होती, त्याच फोल्डरात, 'जुनी' नावाने, शेवटी यामल हे शेपूट तसंच ठेवून. नेटप्लॅन त्या फोल्डरातल्या सगळ्या यामल फायली नावाच्या क्रमाने वाचतं आणि एकत्र करतं. पत्त्यांच्या याद्या तर सरळ जोडतं. 'जुनी' हा शब्द त्याला कळत नाही. प्रत घरच्या फोल्डरात हलवली, परत ट्राय, परत एंटर. मग मुद्दाम डबा बंद करून चालू केला. एकच पत्ता. गुरुवार संपला.

शुक्रवारची गोष्ट सगळ्यात छोटी आणि मला सगळ्यात आवडती. सकाळी सगळं सुरळीत. बारानंतर कॉमन कुणाला उघडतं, कुणाला नाही. ज्याला उघडतं त्याचं पाच मिनिटांनी जातं. ही अशी अर्धवट बिघडणारी दुखणी सगळ्यात वाईट. वर जाऊन बघितलं तर डबा ठणठणीत, पत्ता बरोबर, पेठ बरोबर, पूल जागेवर. म्हणजे डब्याचं काही चुकलेलं नाही, तरी पाकिटं पोचत नाहीत. मग ती कुणाला पोचताहेत?

पेठेतल्या पेठेत यंत्रं एकमेकांना आयपी पत्त्याने नाही, कार्डावर कोरलेल्या नंबराने ओळखतात. 'अमुक पत्ता कुणाचा?' असं सगळ्यांना ओरडून विचारायचं आणि जो ओ देईल त्याचा नंबर लिहून ठेवायचा, ही एआरपीची रीत १९८२ पासून चालत आली आहे. यात कोणी ओळखपत्र बघत नाही. ज्या ऑपरेटरचं कॉमन उघडत नव्हतं, त्याच्या विंडोजवर 'एआरपी हायफन ए' केलं. १९२.१६८.०.१२ पुढच्या नंबराची शेवटची जोडी ८४. वर डब्याच्या 'लिंक/इथर' ओळीत शेवटची जोडी ३१. बारा नंबरच्या घरात दोघं राहत होते, आणि ज्याची ओ लिहून ठेवली जाईल त्याला टपाल.

दुसरा कोण? दुपारी बारालाच चालू झालेलं दुकानात एकच यंत्र: प्रूफं काढायचा लेझर प्रिंटर. त्याचं बटण दाबून धरलं की तो स्वतःच्या नेटवर्कचा कागद छापतो. शेवटची जोडी ८४. उलगडा असा, की प्रिंटरचा टोनर संपला होता, तो गुरुवारी आला. वीज आल्यावर प्रिंटर नव्या राउटरखाली पहिल्यांदाच चालू झाला आणि त्याने पत्ता मागितला. राउटर खालून क्रमाने वाटत होता, त्याच्या पुढचा रिकामा आकडा १२. तो खरोखरच रिकामा होता, कारण त्याच घटकेला माझा डबा स्मृती गमावून 'एक'च्या पेठेत परत गेला होता. संध्याकाळी प्रिंटर बंद असताना मी तोच १२ फाइलीत पक्का केला. राउटरचं बघण्यापुरतं पान उघडलं: तो २ ते २०० पर्यंत पत्ते वाटतो. मी बुधवारी पिंग करून घर रिकामं आहे का ते बघितलं होतं, पण ते भाड्याने द्यायच्या यादीत आहे का ते नव्हतं बघितलं.

फाइलीत १२ चे २४० केले. पोरांनी कुरकुर करत पुन्हा रस्ते जोडले. सोमवारी पहिल्या अंकाची पानं प्लेटला गेली.

फाइलीतला मजकूर मी हाताने वहीत उतरवून ठेवला आहे, डबा पुन्हा बोबडा झाला तर पडद्याशिवाय हाताशी असावा म्हणून. शनिवारी वही टेबलावर उघडी होती. काकांनी ती माझ्या पडद्याशेजारी धरली आणि सवयीने, एकेक अक्षर, बोट फिरवत वाचली. मग खिशातलं लाल पेन काढून 'टू: डीफॉल्ट'च्या आधी काकपद, म्हणजे सुटलेलं अक्षर घालायची खूण, मारलं आणि समासात एक छोटी आडवी रेघ काढली. मी ती उतरवायची विसरले होते.

"ही हवी ना गं?" ते म्हणाले. "तिकडे आहे."